माउली म्हणावे, खूण मागावी

आपल्या संप्रदायात भेटेल त्याच्या पायां पडण्याची चाल आहे. लहान-थोर, ओळखीचा-अनोळखी हा भेद तेथे नाही. वारीच्या वाटेवर कोणी पाणी मागितले तर आधी तांब्या पुढे होतो आणि मग गाव विचारले जाते. पंक्तीत शेजारी बसला तो माउली, रांगेत धक्का लागला तोही माउली. मुक्ताबाईंची पालखी जालन्याहून अंबडकडे जाते तेव्हा, आणि गजानन महाराजांची पालखी परतीच्या वाटेवर शहागड, अंबड करीत जालन्यास येते तेव्हा, आमच्या जिल्ह्यातील माणसे आलेल्यांस घरात घेतात. त्या वेळी कोणी कोणाचा दाखला पाहत नाही. ही आमची शोभा आहे आणि ती तशीच राहावी.

परंतु ह्याच विश्वासू माणसाच्या हाती आता फोन आला आहे, आणि त्या फोनातून दुसऱ्याचे नाव, दुसऱ्याचा क्रमांक, क्वचित दुसऱ्याचा आवाजही घेऊन चोर बोलू लागला आहे. तेव्हा एखादा साधाभोळा वारकरी विचारील, "बुवा, तुम्हीच सांगता सगळ्यांत देव पाहा, अन् तुम्हीच सांगता फोनवरच्या माणसाची खात्री करा. मग संशय घेतला तर भक्तीत उणेपणा नाही का येत? अन् नाही घेतला तर घर बुडतं. दोन्ही कसं जमावं?"

प्रश्न रास्त आहे. तो केवळ पैशाचा नाही, श्रद्धेचा आहे. म्हणून ह्या अंकी त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ही लबाडी कशी चालते ते समजून घेऊ. फोनच्या पडद्यावर जो क्रमांक उमटतो तो पुष्कळांस सरकारी शिक्क्यासारखा वाटतो. वास्तविक तो पोस्टकार्डावरील 'पाठविणार' ह्या शब्दापुढील नावासारखा आहे. तेथे कोणीही कोणाचेही नाव लिहावे. पोस्टमन कार्ड आणून देतो, नाव खरे की खोटे हे तो पाहत नाही. इंटरनेटच्या मार्गाने फोन करणारा लबाड माणूस परदेशात बसून आपला क्रमांक हिंदुस्थानातला आहे असे दाखवू शकतो. बँकेचा किंवा पोलीस ठाण्याचा क्रमांकही दाखवू शकतो. ह्यास इंग्रजीत स्पूफिंग म्हणतात. आपण त्यास सोंग म्हणू. सरकारने 22 ऑक्टोबर 2024 रोजी परदेशातून येणारे असे सोंगाचे फोन अडविणारी यंत्रणा सुरू केली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच सुमारे 1 कोटी 35 लाख फोन अडविले गेले. एका दिवसाचा हा आकडा! आणि 2024 ह्या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातील लोकांचे 22,845 कोटी रुपये गेले, असे सरकारने संसदेत सांगितले आहे.

आता सोंग हा शब्द आम्ही वापरला म्हणून कोणी म्हणेल की सोंग तर नाथमहाराजांच्या भारुडातही आहे. आहे ना! परंतु ते सोंग सर्वांस ठाऊक असते. गावात बहुरूपी येतो, कोठे त्यास रायरंद म्हणतात. तो पोलिसाची टोपी घालून दारात उभा राहतो, "चला, तुमच्यावर वॉरंट निघालं आहे" असे दरडावतो, बायकापोरे हसतात, आणि शेवटी तो हात जोडून बिदागी मागतो. त्याचे सोंग उघडे असते म्हणून ती कला. फोनवरचा चोरही हेच करतो. अंगात गणवेश, मागे कार्यालयाची पाटी, आणि व्हिडिओवर दरडावणी की "तुमच्या नावाने पार्सलात अंमली पदार्थ सापडले, तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे, फोन बंद करू नका, कोणाशी बोलू नका, तपासणीसाठी पैसे पाठवा." फरक एवढाच की हा शेवटी टोपी काढीत नाही. म्हणून ती चोरी. डिजिटल अटक नावाची गोष्ट कायद्यात मुळी नाहीच. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगून थांबा, विचार करा आणि मग पाऊल उचला, असा उपदेश केला होता.

खेड्यापाड्यांत ही सोंगे निराळ्या वेषांत येतात. 'पीएम किसान' योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एखादी फाइल येते. ती उघडून फोनात बसविली की फोनची किल्लीच चोराच्या हाती जाते. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी 2025 साली सुरू झाली, तर तिच्या नावाची बनावट संकेतस्थळे निघाली. देवाचे नावही सुटले नाही. अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेपूर्वी, डिसेंबर 2023 मध्ये, राममंदिराच्या देणगीसाठी म्हणून बनावट क्यूआर कोड फिरविले गेले. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय गृहखात्याच्या सायबर विभागाला जाहीर इशारा द्यावा लागला की केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधामातील निवास ह्यांच्या आरक्षणाच्या नावाने खोटी संकेतस्थळे चालू आहेत. आणि आपल्या महाराष्ट्रात शनिशिंगणापूर देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून पूजेचे व देणगीचे पैसे उकळल्याचे प्रकरण जुलै 2025 मध्ये थेट विधानसभेत निघाले. ज्याने पैसे भरले त्याच्या मनात देवच होता; पैसे मात्र चोराकडे गेले.

हे सारे नवे वाटते, परंतु ह्यातील युक्ती फार जुनी आहे. रामायणातील मारीच आठवा. सुवर्णमृगाचे रूप हे त्याचे पहिले सोंग. बाण लागल्यावर मरता मरता त्याने रामचंद्रांचा आवाज काढला आणि सीतामाईस व लक्ष्मणास हाक मारली. लक्ष्मण सांगत होता की हा रामरायाचा आवाज नव्हे, ही राक्षसाची माया आहे. परंतु मायमाउलीच्या काळजात भीती उतरली होती. तिने लक्ष्मणास क्षणभर उभे राहू दिले नाही. लक्ष्मण गेला, आणि मग आला संन्याशाच्या वेषातील रावण. आधी आवाजाचे सोंग, मागून वेषाचे.

आता हेच आजच्या घरात घालून पाहा. म्हातारा वारीस गेला आहे असे समजा. घरी फोन येतो, आवाज नातवाचा वाटतो, रडवेला आहे, "आजी, बाबांना दिंडीत ट्रकने उडवलं, दवाखान्यात पैसे मागतात, आत्ताच्या आत्ता पाठव, कोणाला सांगत बसू नको." हल्ली माणसाच्या बोलण्याचा थोडासा तुकडा मिळाला तरी यंत्राकडून तसाच आवाज काढून घेता येतो. म्हातारीने काय करावे? तिचे प्रेम हाच तिचा शत्रू होतो. भीती, माया आणि घाई ह्या तीन दोरांनी मारीचाने बांधले, त्याच तीन दोरांनी आजचा चोर बांधतो. लोभ हा चौथा दोर. सुवर्णमृग त्यासाठीच होता. कोणताही फोन आला आणि ह्या चारांपैकी एखादा दोर ओढला जात आहे असे वाटले, की तेथे थांबावे.

परंतु रामकथा येथे संपत नाही, आणि आमच्या प्रश्नाचे उत्तर पुढे आहे. अशोकवनात हनुमंत रामनाम घेत सीतामाईपुढे आला. तिने काय केले? रामाचे नाव ऐकून ती लगेच विश्वासली काय? नाही. हा रावणच पुन्हा रूप पालटून आला असेल, असे तिने मनात आणिले. तिने रामलक्ष्मणांची लक्षणे विचारली. हनुमंताने ती सांगितली आणि मग रामरायाची अंगठी दिली. निघताना तिनेही त्याच्यापाशी चूडामणी दिला, आणि कावळ्याची ती गोष्ट सांगितली जी ती आणि रामराय ह्यांनाच ठाऊक होती. सीतामाईची रामावरील श्रद्धा खूण मागताना तिळभर कमी झाली होती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? उलट श्रद्धा रामावर होती म्हणूनच रामाच्या नावाने येणाऱ्या प्रत्येकास ती भुलणार नव्हती.

आणि हनुमंताचे वागणे पाहा. एवढा बलभीम, समुद्र ओलांडून आलेला, "माझ्यावर संशय घेता?" असे तो म्हणाला नाही. त्यास राग आला नाही. त्याने शांतपणे खूण दिली. हीच खऱ्याची परीक्षा. जो खरा असतो त्यास खूण मागितल्याचे वाईट वाटत नाही. सोंगाड्यास मात्र लगेच राग येतो. तो दरडावतो, घाई करतो, "फोन ठेवलात तर पस्तावाल" म्हणतो. बँकेचा खरा माणूस "तुम्ही शाखेत येऊन विचारा" म्हटले की रागावत नाही. पोटचा नातू "थांब, मी तुझ्याच नंबरवर फोन करते" म्हटल्याने रुसत नाही. रुसला तरी संध्याकाळी हसेल.

कोणी म्हणेल, रामायणातील गोष्ट थोरांची. आपल्या संतांनी अशी परीक्षा कोठे केली? अहो, मुक्ताबाईंनीच केली! गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला असता कोणते मडके पक्के व कोणते कच्चे हे पाहावयास मुक्ताबाईंनी सांगितले, आणि गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले, अशी कथा सांप्रदायिक कीर्तनात सर्वांनी ऐकली आहे. बाकीचे गप्प बसले. नामदेवरायांस तेवढा राग आला, आणि तेच कच्चे ठरले. पुढे औंढ्यास विसोबा खेचरांकडे जाऊन ते कसे पक्के झाले हेही सर्वांस ठाऊक आहे. मडके वाजवून पाहणे हा कुंभाराचा द्वेष नव्हे. पाणी गळू नये म्हणून घेतलेली ती काळजी आहे.

तसेच नाथमहाराजांचे. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर सुमारे तीनशे वर्षांत नकला करता करता तीत परक्या ओव्या शिरल्या. ज्ञानोबारायांच्या नावाखाली भलत्याचे बोलणे वाचले जाऊ लागले. नाथांनी "माउलीच्या ग्रंथावर संशय कसा घ्यावा?" असे म्हणून हात जोडून बसणे पसंत केले नाही. शके 1506 मध्ये त्यांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला. पैठणच्या ह्या थोर पुरुषाची ज्ञानोबांवर भक्ती नव्हती काय? होती म्हणूनच खरे कोणते आणि घुसडलेले कोणते हे त्यांनी निवडले. पैठणची तीच गोदामाई पुढे आमच्या अंबड तालुक्यात शहागडापाशी येते. तिच्या काठच्या लोकांस निवडण्याचा हा धडा दुसऱ्या कोणी शिकवावा असे नाही.

आणि आमचा जालन्याचा शेतकरी तर हा धडा रोजच गिरवितो. जालना हे बियाण्यांचे गाव. 1964 पासून येथे संकरित बियाण्यांचा धंदा वाढला. खऱ्या बियाण्यांबरोबर बोगस बियाणेही बाजारात येते. पिशवी तीच, चित्र तेच, आत भलतेच. म्हणून शहाणा शेतकरी प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवरील निळी चिठ्ठी पाहतो, पक्की पावती घेतो, पिशवी आणि मूठभर बी सुगीपर्यंत जपून ठेवतो. सोयाबीन पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. सत्तर उगवले तर पेरतो. ह्यास कोणी धरित्रीमातेवरील अविश्वास म्हणत नाही. उलट न पाहता पेरले तर म्हणतात, "काहून बा असं केलं?" बियाण्याची जी तपासणी धर्माविरुद्ध नाही ती आवाजाची केल्याने धर्म कसा बुडेल?

तात्पर्य असे की देव माणसात पाहावयाचा आहे, वेषात नव्हे. फोनवर बोलणाऱ्याच्या अंतरी पांडुरंग आहे हे आम्ही नाकारीत नाही; तो बँकेचा साहेब आहे, हे त्याचे म्हणणे मात्र तपासून घेतो. नमस्कार आत्म्यास करावा आणि खूण दाव्याची मागावी. ह्या दोहोंत विरोध नाही. ज्यास हा विवेक नाही त्याच्या भोळेपणास आम्ही भक्ती म्हणणार नाही, कारण त्या भोळेपणाने चोराचेही पाप वाढते.

आता खूण मागावी म्हणजे काय करावे, हे रोकडे सांगतो.

एक. पडद्यावरील क्रमांकावर वा नावावर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांस सांगितले आहे की खात्याच्या व्यवहारासंबंधीचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत. तेव्हा साध्या दहा आकडी क्रमांकावरून 'बँकेतून बोलतो' म्हणणारा आला की तेथेच सावध व्हावे. पण क्रमांक बरोबर दिसला तरी फोन ठेवावा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. आलेल्या फोनाची खात्री आलेल्या फोनातच होत नसते. आपण लावलेल्या फोनाने होते.

दोन. ओटीपी आणि पिन कोणास सांगू नये, बँकेच्या साहेबासही नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. एवढे एक वाक्य घरातील प्रत्येकास पाठ असावे.

तीन. घरच्या माणसांनी आपसांत एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. सीतामाईच्या त्या कावळ्याच्या गोष्टीसारखा, बाहेर कोणास ठाऊक नसलेला. वारीस निघण्यापूर्वी तो म्हातारीस सांगून निघावे, आणि दिंडीतल्या दोन सोबत्यांचे क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवावेत. संकटाचा फोन आला की आधी शब्द विचारावा, मग सोबत्यास फोन लावावा.

चार. देवस्थानास देणगी द्यावयाची वा भक्तनिवास घ्यावयाचा तर फोनात शोधल्यावर जी पहिली ओळ दिसते तीच खरी, असे समजू नये. जाहिरात म्हणून कोणीही पहिला बसतो. देवस्थानाच्या पावतीवर छापलेला पत्ता पाहावा, नाहीतर प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन पावती घ्यावी. देवाला आपल्या देणगीची घाई नाही.

पाच. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल फोनात बसवू नये, आणि सांगणाऱ्याच्या सांगण्यावरून आपल्या फोनचा पडदा त्यास दाखवू नये.

आणि एवढे करूनही फसगत झालीच तर? तर वेळ न दवडता 1930 ह्या क्रमांकावर फोन करावा व बँकेस कळवावे. पैसे चोराच्या खात्यातून पुढे जाण्यापूर्वी खबर गेली तर ते तेथेच अडविता येतात; घटका दोन घटकांचा तो खेळ असतो. पैसे गेले नाहीत पण फोन संशयाचा वाटला तरी 'संचार साथी'वरील 'चक्षु' ह्या सोयीत तो कळवावा, म्हणजे दुसरा वाचतो.

येथे आम्हांस सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. फसलेला माणूस फोन करीत नाही तो अज्ञानामुळे नव्हे, लाजेमुळे. मुलगा ओरडेल, सून टोमणा मारील, पारावर लोक हसतील, ह्या भीतीने म्हातारा दोन दिवस गप्प राहतो आणि त्या दोन दिवसांत पैसे साता समुद्रापार जातात. म्हणजे पहिली चोरी चोराने केली, दुसरीस आमचे हसणे कारण झाले. ज्यास फसवले त्याचे पाप नाही. साक्षात जानकी फसली तेथे आपली कथा काय? म्हणून फसलेल्यास हसणे हा वारकऱ्याच्या घरी दोष मानला जावा. "असू द्या बाबा, आधी फोन करू" हे वाक्य ज्या घरात पहिले निघते ते घर वाचते.

दुसरा एक दोष मात्र खरोखर दोष आहे, आणि तो आमच्याच पोरांकडून होतो. "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, दोन-चार हजार देतो" असे म्हणणारा भेटतो आणि पोरगा पासबुक, कार्ड, सिम देऊन मोकळा होतो. चोरीचा पैसा त्याच खात्यातून फिरतो. अशा भाड्याच्या खात्यांवाचून सोंगाड्याचा धंदा चालत नाही. संगणक वा फोन वापरून दुसऱ्याच्या नावाने फसविल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पोलीस खातेदाराच्याच दारात प्रथम येतात. कायदा बाजूला ठेवला तरी, कोण्या म्हातारीच्या औषधाचे पैसे आपल्या नावावरून गेले, हे त्या पोराच्या गळ्यातील तुळशीच्या माळेस कसे सोसावे?

आणि त्या फोनवर बोलणाऱ्या चोराविषयी काय म्हणावे? तो चोर आहे आणि त्यास शासन व्हावे. परंतु मार्च 2025 मध्ये आपल्या सरकारने म्यानमारच्या हद्दीतील अशा अड्ड्यांतून सुटलेले 549 हिंदी लोक थायलंडमार्गे विमानांनी परत आणले. नोकरीच्या खोट्या जाहिरातीस भुलून गेलेल्या कितीकांस तेथे डांबून हेच काम करावयास लावले जात होते. म्हणजे आपणांस फसविणारा आवाज कधी कधी स्वतःच फसलेला असतो. त्यास पैसे देऊ नयेत. पण त्याचा द्वेषही मनात साठवू नये. येथेच सर्वांठायी देव पाहण्याची खरी परीक्षा आहे.

ही गोष्ट एकट्याने ध्यानात ठेवून भागणार नाही. कीर्तनकार बुवांनी मारीचाचे आख्यान लावले की त्यास हा दृष्टांत जोडावा. दिंडीप्रमुखांनी प्रस्थानाच्या आदल्या दिवशी पाच मिनिटे काढावीत. हरिपाठ संपल्यावर फोन जाणणाऱ्या पोरांनी न जाणणाऱ्या आजीआजोबांस हे सांगावे, आणि आजीआजोबांनी पोरांस हनुमंताच्या अंगठीची गोष्ट सांगावी. दोघांची विद्या एकच आहे. पायां पडण्याची आमची चाल सुटू नये, तांब्या पुढे करणारा हात मागे येऊ नये. एवढेच की ज्या हाताने तांब्या द्यावयाचा तो हात पिन टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावा, आणि त्या क्षणात मुखी नाम असावे.

रामकृष्णहरि.